फाइलसिस्टिम बिघडली, डिस्क उघडत नाही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बाकी काही वाचलं नाहीत तरी एवढं वाचा. ज्या डिस्कमधला डेटा परत हवाय तिच्यावर आता काहीही लिहू नका. रिकव्हरीचं सॉफ्टवेअर तिच्यावर इन्स्टॉल करू नका, सापडलेल्या फाइली तिच्यावरच सेव्ह करू नका, आणि फॉरमॅट करू का असं स्क्रीनवर आलं तर नाही म्हणा. मशीन त्याच डिस्कवरून चालत असेल तर बंद करा आणि मोबाइलवर निवांत पुढचं वाचा, बंद डिस्कमधून काही जात नाही.

खालचं बहुतेक सगळं लिनक्सच्या ईएक्सटी४ या फाइलसिस्टिमबद्दल (म्हणजे डिस्कवर कुठली फाइल कुठे आहे याची नोंद ठेवायच्या पद्धतीबद्दल) आहे कारण माझा हात त्यावर बसलाय, पण विंडोजची डिस्क आणि कॅमेऱ्याचं कार्ड हे इतक्या वेळा विचारलं जातं की तेही घेतलंय. कमांड आपण बोलतो तशा देवनागरीत लिहिल्यात, टाइप करायच्या आधी त्यांचं स्पेलिंग आणि ऑप्शन मॅन्युअलमध्ये एकदा बघाच, कारण एसडीए आणि एसडीबी (लिनक्स डिस्कना अशी नावं देतं) यात एका अक्षराचा फरक असतो आणि तेवढ्यात चांगली डिस्क पुसली जाते.

लाईट गेली, आल्यावर पीसी चालू केला तर काळ्या स्क्रीनवर इनिट्रामएफएस असं लिहून तिथेच थांबलाय. सगळं गेलं का?

बहुतेक नाही. मशीनने मेन फाइलसिस्टिम तपासली, त्याला असं काहीतरी सापडलं जे ते स्वतःच्या जबाबदारीवर दुरुस्त करायला तयार नाही, म्हणून ते तुम्हाला विचारत थांबलंय. वरच्या ओळींमध्ये 'रन एफएससीके मॅन्युअली' असं काहीतरी दिसेल, एफएससीके म्हणजे फाइलसिस्टिम तपासून दुरुस्त करणारी कमांड. इथे सगळे सांगतात की एफएससीके मायनस वाय मारा आणि मोकळे व्हा, आणि बऱ्याचदा तेवढ्याने मशीन सुरूही होतं. पण एंटर मारायच्या आधी एकच विचार करा, या डिस्कवर असं काही आहे का ज्याची दुसरी कॉपी कुठेच नाही? नुसती ऑपरेटिंग सिस्टिम असेल तर खुशाल चालवा, फार तर परत इन्स्टॉल करावी लागेल. घरचे फोटो, दुकानाचे हिशोब, थीसिस असं काही असेल तर थांबा, लाइव्ह पेनड्राइव्हवरून (ज्याच्यावरूनच लिनक्स चालतं असा) मशीन चालू करा आणि खाली सांगितलंय त्या क्रमाने जा.

फाइलसिस्टिम बिघडली म्हणजे नेमकं काय बिघडतं? फाइली तर डिस्कवरच आहेत ना?

हो, आहेत, आणि हेच नीट समजलं की घाबरणं कमी होतं.

गावातली जमीन आणि तलाठ्याकडचं दप्तर, असं समजा. जमीन म्हणजे तुमचा डेटा, ती जागची हलत नाही. कुठला तुकडा कोणाचा, किती मोठा, हे सातबाऱ्यावर असतं. ईएक्सटी४ मध्ये प्रत्येक फाइलचा एक आयनोड असतो तो तिचा सातबारा, फाइल किती मोठी, कोणाची, डिस्कच्या कुठल्या कुठल्या ब्लॉकमध्ये पसरलीय ते सगळं त्यावर. फाइलचं नाव मात्र आयनोडवर नसतं, ते फोल्डरमध्ये असतं, नाव आणि पुढे आयनोडचा नंबर इतकीच नोंद. आणि सगळ्या दप्तराचं पहिलं पान म्हणजे सुपरब्लॉक, त्यात एकूण जागा किती, ब्लॉक किती बाइटचा, कुठला भाग कुठे सुरू होतो ही माहिती असते. तो पार्टिशनच्या सुरुवातीपासून १०२४ बाइटवर असतो, आणि त्या एका पानावर शाई सांडली तर अख्खी डिस्क उघडत नाही, आत सगळं जसंच्या तसं असलं तरी. क्विक फॉरमॅटमध्ये पण हेच होतं, जुन्यावर कोरं दप्तर येतं आणि जमीन बऱ्यापैकी तशीच राहते (एसएसडीचं वेगळं आहे, ते खाली).

पण ईएक्सटी४ ला जर्नल असतं ना, मग लाईट गेल्यावर बिघडायला नको

जर्नल म्हणजे फेरफार नोंदवही. आधी फेरफार नोंदवायचा, मग तो सातबाऱ्यावर चढवायचा, मधेच लाईट गेली तर चालू झाल्यावर नोंदवही वाचून राहिलेलं काम पुरं करायचं. बूट होताना 'रिकव्हरिंग जर्नल' दिसतं ते हे, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. ईएक्सटी३ बरोबर २००१ साली हे लिनक्सच्या मेन कर्नलमध्ये आलं, आणि त्यामुळेच आता प्रत्येक वेळी लाईट गेली की तासभर तपासणी होत बसत नाही.

पण त्याच्या मर्यादा बघा. डीफॉल्ट सेटिंगमध्ये जर्नलमध्ये फक्त नोंदी जातात, फाइलच्या आतला मजकूर जात नाही. तुम्ही लिहिलेला मजकूर आधी रॅममध्ये पडून राहतो, साधारण ३० सेकंदांपर्यंत, म्हणजे लाईट जायच्या अर्धा मिनिट आधी सेव्ह केलेलं काही वेळा खरंच गेलेलं असतं, ते डिस्कवर पोचलंच नव्हतं तर कुठलं टूल ते आणणार. दुसरं म्हणजे काही डिस्क आणि बरेच स्वस्त यूएसबी अडॅप्टर 'लिहिलं' असं सांगतात आणि प्रत्यक्षात ते अजून त्यांच्या कॅशमध्येच असतं, तिथे नोंदवहीचा क्रमच चुकतो. आणि बॅड सेक्टर (डिस्कवरचे वाचता न येणारे तुकडे), ढिली केबल, खराब रॅम यांच्यापुढे जर्नलचं काही चालत नाही. खराब रॅमवर तर मी विशेष बोट ठेवेन, लाईट गेलेली नसताना आठवड्यातून दोनदा फाइलसिस्टिम बिघडत असेल तर डिस्कला दोष द्यायच्या आधी रात्रभर मेमटेस्ट (रॅम तपासणारं टूल) लावा. रॅम खराब असताना एफएससीके चालवणं म्हणजे चष्मा फुटलेल्या माणसाला दप्तर दुरुस्त करायला बसवणं, तो चांगल्या नोंदी पण खोडेल.

एफएससीके चालवू की नको? एकच काय ते सांगा

मूळ डिस्कवर नको, कॉपीवर चालवा.

याचं कारण सविस्तर सांगतो कारण हा सगळा खटाटोप याच एका गोष्टीसाठी लिहिलाय. एफएससीके, म्हणजे ईएक्सटी४ साठी ई२एफएससीके, याचं काम तुमचा डेटा वाचवणं हे नाहीच. त्याचं काम दप्तरातल्या नोंदी एकमेकींशी जुळवणं एवढंच आहे. ते पाच फेऱ्यांत चालतं, पहिल्या फेरीत आयनोड आणि ब्लॉक, दुसरीत फोल्डरची रचना, तिसरीत प्रत्येक फोल्डर मुळापर्यंत जोडलेला आहे का, चौथीत लिंकची मोजणी, पाचवीत मोकळ्या जागेचा हिशोब. यात जे जुळत नाही ते जुळेल असं केलं जातं, आणि जुळवायचा सगळ्यात सोपा मार्ग बऱ्याचदा नोंद खोडणं हाच असतो. आयनोडमध्ये कचरा दिसला, फोल्डरचा ब्लॉक वाचता आला नाही, की 'क्लिअर करू?' किंवा तसलाच प्रश्न येतो, आणि मायनस वाय दिलेलं असेल तर उत्तर कायम हो. शेवटी फाइलसिस्टिम अगदी स्वच्छ होते आणि आत तुमच्या फाइली नसतात, आणि त्या टूलच्या दृष्टीने हे काम उत्तम झालेलं असतं.

माझ्याकडून हे झालंय. एका २ टीबीच्या डिस्कवर आजीने म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्यांची रेकॉर्डिंग होती, काही वर्षं सुट्टीत गावी जाऊन केलेली. डिस्कला बॅड सेक्टर पडले होते ते मला माहीत नव्हतं, फाइलसिस्टिम माउंट होईना (म्हणजे जोडून उघडेना) म्हणून मी थेट मायनस वाय मारला आणि जेवायला गेलो. परत आलो तर सगळं 'दुरुस्त' झालेलं. निम्मी रेकॉर्डिंग लॉस्ट प्लस फाउंडमध्ये (एफएससीके अनाथ फाइली ज्या फोल्डरमध्ये टाकतं तो) नाव-तारखेशिवाय मिळाली, काही अर्धवट, काही मिळालीच नाहीत. आजी तोवर राहिली नव्हती. आधी इमेज घेतली असती तर त्या पुसलेल्या नोंदी माझ्याकडे असत्या आणि दुसऱ्या कुठल्या तरी वाटेने बरंच काही काढता आलं असतं, हे आता मला पक्कं माहीत आहे.

बरं, मग पहिली पायरी कुठली?

डिस्क स्वतः आजारी आहे का नुसतं दप्तर बिघडलंय ते बघा. स्मार्टसीटीएल नावाची कमांड डिस्कची स्वतःची तब्येतीची नोंद दाखवते, यूएसबी डिस्क असेल तर मायनस डी सॅट द्यावं लागतं काही वेळा. चार ओळी बघायच्या. ५ नंबर म्हणजे बदललेले सेक्टर, १९७ म्हणजे वाचता न येणारे आणि अजून निकाल न लागलेले सेक्टर, १९८ म्हणजे दुरुस्त न होणारे. यांच्या शेवटच्या रकान्यात शून्य असेल तर छान. १९७ मध्ये आकडा असेल आणि तो तासातासाला वाढत असेल तर डिस्क मरायला लागलीय, आता प्रत्येक मिनिट मोजकं. आणि १९९ वाढत असेल तर डिस्क नाही, केबल बदलून बघा, शंभरेक रुपयांच्या केबलसाठी माणसांनी डिस्क फेकून दिलेल्या मी बघितल्यात.

तब्येत चांगली दिसली तरी पुढची पायरी तीच, इमेज.

इमेज म्हणजे काय आणि कशी घ्यायची?

डिस्कच्या पहिल्या बाइटपासून शेवटच्या बाइटपर्यंत जशीच्या तशी कॉपी, मोकळी जागा आणि बिघडलेलं दप्तर धरून. फाइली कॉपी करणं वेगळं, त्याला दप्तर चांगलं लागतं. इमेजला काहीच लागत नाही.

साधी डीडी कमांड चांगल्या डिस्कला ठीक आहे पण वाचता न येणारा सेक्टर आला की ती तिथेच थांबते. म्हणून जीएनयू डीडीरेस्क्यू वापरा (डीडी आणि रेस्क्यूच्या मधे अंडरस्कोर असलेलं एक वेगळं टूल पण आहे, ते नाही). याची हुशारी अशी की ते आधी जे सहज वाचता येतंय ते सगळं उचलतं, जिथे अडतं तिथून उडी मारून पुढे जातं, आणि अवघड जागा शेवटी परत परत वाचून बघतं. आजारी डिस्क किती वेळ जगेल माहीत नसतं, तर आधी सोपं उचलून घेणं हेच शहाणपण.

पहिली फेरी मायनस डी मायनस एन लावून करायची, दुसरी मायनस डी मायनस आर ३ लावून. प्रत्येक वेळी तीन गोष्टी द्यायच्या, कुठून, कुठे, आणि मॅपफाइलचं नाव. मॅपफाइल विसरू नका, तीच सगळ्यात महत्त्वाची, काय वाचलं आणि काय राहिलं याची नोंद तिच्यात असते, त्यामुळे लाईट गेली, डिस्क गरम झाली, तुम्हाला मशीन बंद करायचं असलं तरी नंतर तिथूनच पुढे सुरू होतं. डिस्क हाताला चटका बसेल इतकी तापली असेल तर थांबवा, तासभर गार होऊ दे, टेबल फॅन लावा तिच्यावर.

जागा किती लागेल? जितकी मूळ डिस्क तितकी, आत १०० जीबीच भरलेलं असलं तरी १ टीबीची डिस्क म्हणजे १ टीबीची इमेज. आणि जिथे ठेवणार ती डिस्क फॅट३२ नको, तिथे एक फाइल ४ जीबीच्या वर जातच नाही. वेळेचं म्हणाल तर चांगली डिस्क सेकंदाला १०० एमबी वाचत असेल तर १ टीबीला पावणेतीन तास. आजारी डिस्कला दोन दिवस पण लागतात आणि ते ठीक आहे. घाई करू नका, फक्त लॅपटॉप झोपू नये एवढं सेटिंग करा आणि इन्व्हर्टरवर लावा.

झालं की त्या इमेजची अजून एक कॉपी करा. एक कॉपी हात न लावता ठेवायची, दुसरीवर सगळे प्रयोग. जागा नाही, दोन डिस्क विकत घ्याव्या लागतील, खर्च होतो, हे मान्य आहे, पण याला पर्याय नाही.

डिस्क टकटक आवाज करतेय

बंद करा. आत्ता. हे सॉफ्टवेअरचं काम नाही, हेड (प्लेटवरून डेटा वाचणारा भाग) गेलंय किंवा जातंय, आणि चालू ठेवलेल्या प्रत्येक मिनिटाला ते प्लेटवर घासू शकतं. घासलेलं परत येत नाही.

फ्रीजरमध्ये ठेवली की चालते म्हणतात

नको. बाहेर काढल्यावर आत दव धरतं. आणि झाकण उघडून बघणं पण नको, हेड प्लेटपासून इतक्या कमी उंचीवर तरंगतं की केसाच्या जाडीचा हजारावा भाग पण त्याहून जास्त आहे, घरातली धूळ त्यापुढे डोंगर.

इमेज झाली. आता?

आता आधी दुरुस्ती न करता वाचून बघा. इमेज लूप डिव्हाइस म्हणून (म्हणजे फाइलच डिस्क असल्यासारखी) रीड-ओन्ली जोडा आणि माउंट करताना आरओ आणि नोलोड हे दोन ऑप्शन द्या. नुसतं आरओ पुरत नाही हे बऱ्याच जणांना माहीत नसतं, ईएक्सटी४ रीड-ओन्ली माउंट करताना पण जर्नल चालवायला जातं, म्हणजे लिहायला जातं, नोलोड दिलं की जर्नलला हात लावत नाही. अशी माउंट झाली तर देवाचे आभार माना, फाइली बाहेर कॉपी करा, संपलं काम. किती तरी वेळा खरंच इथेच संपतं.

नाही झाली तर डीबगएफएस. हे टूल माउंट न करताच दप्तर उघडून वाचतं, मायनस सी दिलं की मोकळ्या-भरलेल्या ब्लॉकचे नकाशे न बघता आणि फक्त वाचण्यापुरतं उघडतं, मग आत एलएस करून फोल्डर बघता येतात आणि आरडम्प कमांडने अख्खा फोल्डर बाहेर काढता येतो. बरंच मोडलेलं असताना पण यातून निघतं. ओव्यांच्या वेळी मला हे ठाऊक नव्हतं.

तेही नाही जमलं तर मग एफएससीके, दुसऱ्या कॉपीवर. आधी मायनस एन देऊन चालवा, ते प्रत्येक प्रश्नाला स्वतःच नाही म्हणतं आणि नुसतं काय काय मोडलंय ते सांगतं. दहा-वीस ओळी आल्या तर बरं. ओळी थांबतच नसतील, पानंच्या पानं जात असतील, तर बऱ्याचदा सुपरब्लॉक किंवा पार्टिशनची सुरुवातच चुकीची धरलीय, दप्तर दुसऱ्याच गावचं उघडलंय, तिथे हो म्हणणं म्हणजे स्वतःच्या हाताने वाट लावणं. आणि खरंच दुरुस्ती करायची झाली की मायनस झेड देऊन अनडू फाइल ठेवता येते, ई२अनडू नावाच्या कमांडने सगळं परत मागे घेता येतं. ही सोय बरीच वर्षं आहे तरी कोणी वापरत नाही, का ते मला कळत नाही.

'बॅड मॅजिक नंबर इन सुपरब्लॉक' येतंय

पहिलं पान वाचता येत नाहीये. पण ईएक्सटी४ त्याच्या कॉप्या ठेवतं. ब्लॉक ४०९६ बाइटचा असेल (घरच्या डिस्कवर जवळपास नेहमी तोच) तर कॉप्या ३२७६८, ९८३०४, १६३८४०, २२९३७६, २९४९१२ या ब्लॉकवर सापडतात, पुढे अजून असतात. हे आकडे असेच आलेले नाहीत, डिस्कचे १२८ एमबीचे गट पाडलेले असतात आणि १ नंबरचा गट आणि ३, ५, ७ यांचे घात असलेले गट, इथेच कॉपी ठेवतात. ई२एफएससीके ला मायनस बी ३२७६८ देऊन बघा, नाही चाललं तर पुढचा आकडा.

माउंट करताना पण एसबी ऑप्शनने कॉपी वापरता येते पण तिथे हिशोब १ केबीच्या मापात आहे, म्हणून ३२७६८ ला चाराने गुणून १३१०७२ लिहायचं. यात खूप जण अडकतात.

एमकेई२एफएस (मुळात फॉरमॅट करायची कमांड) मायनस एन ने आकडे काढा असा सल्ला सगळीकडे मिळतो. बरोबर आहे, पण तो एन टाइप करायचा राहिला तर तुम्ही डिस्क फॉरमॅट केलेली असते. मी तर सांगेन की टेस्टडिस्क या टूलला (त्याच्याबद्दल पुढे आहे) शोधू द्या.

पार्टिशनच दिसत नाही, पूर्ण डिस्क 'अनअलोकेटेड'

ही त्यातल्या त्यात बरी केस. पार्टिशन टेबल म्हणजे नुसती गावाची हद्द, ती पुसली म्हणून आतलं दप्तर गेलं असं नाही. नवीन पद्धतीच्या जीपीटी टेबलची एक कॉपी डिस्कच्या अगदी शेवटी असते, जीडिस्क नावाचं टूल तिच्यावरून पुढची परत बांधून देतं. जुनं एमबीआर असेल तर त्याला कॉपी नाही, मग क्रिस्टोफ ग्रेनिए यांचं टेस्टडिस्क डिस्कभर फिरून पार्टिशनच्या खुणा शोधतं. यादी आली की लगेच राइट करू नका, आधी पी दाबून आतले फोल्डर दिसतात का बघा, ओळखीची नावं दिसली की मगच. विंडोजला डिस्क लावल्यावर 'इनिशिअलाइज' विचारेल, तिथेही नाही.

विंडोजवर एक्स्टर्नल डिस्क रॉ दाखवते आणि फॉरमॅट मागते

रॉ म्हणजे विंडोजला आतली फाइलसिस्टिम ओळखता आली नाही. नाही म्हणा, आणि चेकडिस्क पण लगेच नको. चेकडिस्क विंडोजवरचा एफएससीकेचाच भाऊ आहे, म्हणजे त्याचं पण ध्येय नोंदी जुळवणं, अनाथ तुकडे तो फाउंड डॉट ०००  नावाच्या छुप्या फोल्डरमध्ये टाकतो आणि नावं जातात. त्यात स्लॅश आर दिलं तर तो अख्खी डिस्क घासून वाचतो, आजारी डिस्कचा जीव त्यातच जातो.

विंडोजची फाइलसिस्टिम म्हणजे एनटीएफएस, तिचं सगळं दप्तर एमएफटी नावाच्या एका तक्त्यात असतं. त्यातल्या पहिल्या चार नोंदींची कॉपी वेगळी ठेवलेली असते आणि बूट सेक्टरची कॉपी पार्टिशनच्या शेवटच्या सेक्टरमध्ये. रॉ दिसण्याचं कारण बऱ्याचदा फक्त तो बूट सेक्टर असतो आणि टेस्टडिस्क शेवटची कॉपी पुढे आणून बसवतं. पण हे सगळं परत इमेजवर. इमेज घ्यायला लिनक्सचा लाइव्ह पेनड्राइव्ह सोपा पडतो, विंडोज माणसाने त्याला बिचकू नये.

कॅमेऱ्याचं कार्ड चुकून फॉरमॅट झालं, लग्नाचे फोटो आहेत

कार्ड कॅमेऱ्यातून काढा आणि कोणालाही एकही फोटो काढू देऊ नका त्यावर. इमेज घ्या आणि फोटोरेक चालवा, टेस्टडिस्कबरोबरच येतं. हे दप्तर बघतच नाही, थेट जमिनीवर फिरतं, जेपीजी फाइल ठराविक बाइटने सुरू होते तशी खूण दिसली की तिथून फाइल उचलतं. नावं आणि फोल्डर मिळत नाहीत, पण फोटोच्या आत तारीख-वेळ असते त्यावरून एक्झिफटूलने नावं देता येतात. कार्ड भरत भरत गेलेलं असेल तर फोटो सलग पडलेले असतात म्हणून चांगले निघतात, मोठे व्हिडिओ मात्र तुकड्यांत असले तर अर्धवट येतात. कार्डाला लॉकची छोटी खिट्टी असते ती आधी सरकवा. आणि कॅमेऱ्याने पूर्ण फॉरमॅट केलं असेल, किंवा कार्डच मुळात खोट्या क्षमतेचं असेल, ६४ जीबी छापलेलं आणि आत ८ जीबी, तर नंतरचे फोटो कधी लिहिलेच गेले नव्हते.

एसएसडी वरून डिलीट झालंय

इथे मी खोटी आशा देणार नाही. ट्रिम नावाची सोय असते, सिस्टिम एसएसडीला सांगते की हे ब्लॉक आता नको आहेत, आणि एसएसडी ते स्वतः पुसते. विंडोज ७ पासून हे आपोआप होतं, बऱ्याच लिनक्सवर आठवड्यातून एकदा. ट्रिम झालं असेल तर वाचल्यावर बहुतेक नुसते शून्य मिळतात. ताबडतोब पॉवर बंद करणं एवढाच एक उपाय, तोही काही वेळाच. नुसतं दप्तर बिघडलं असेल, डिलीट नसेल, तर मात्र वरचं सगळं एसएसडीला पण लागू.

एक्सएफएस आणि बीटीआरएफएस?

या लिनक्सच्याच दुसऱ्या दोन फाइलसिस्टिम, थोडक्यात सांगतो. एक्सएफएसला एफएससीके काहीच करत नाही, एक्सएफएस-रिपेअर वापरायचं, आणि ते मायनस एल द्यायला सांगेल तेव्हा ध्यानात ठेवा की मायनस एल म्हणजे नोंदवही फाडून टाकणं. बीटीआरएफएसला चेकचा रिपेअर ऑप्शन सगळ्यात शेवटी, आधी बीटीआरएफएस रिस्टोअर, ते न लिहिता फाइली बाहेर काढतं.

डिस्क एन्क्रिप्ट केलेली होती

विंडोजचं बिटलॉकर असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की शोधा, आधी मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटमध्ये बघा. लिनक्सचं एलयूकेएस असेल तर सुरुवातीच्या हेडरमध्ये किल्ल्या असतात, तो भाग गेला आणि त्याचा बॅकअप नसेल तर पासवर्ड पाठ असूनही काही होत नाही. हेडर शाबूत असेल तर इमेज घेऊन आधी कुलूप उघडा, मग आतल्या फाइलसिस्टिमकडे बघा.

फाइली निघाल्या पण मराठी नावांच्या फाइली कॉपी होत नाहीत, 'फाइल नेम टू लाँग' येतं

ही खास आपली अडचण आहे. ईएक्सटी४ मध्ये नाव जास्तीत जास्त २५५ बाइटचं. इंग्रजी अक्षर १ बाइट, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट, आणि काना-मात्रा-हलन्त सगळं वेगवेगळं मोजलं जातं, म्हणजे ८५ चिन्हांवर गाडी थांबते. एनटीएफएस चिन्हं मोजतं, तिथे २५५ चालतात. म्हणून विंडोजच्या डिस्कवरून काढलेलं 'चि. अमुक यांच्या लग्नाच्या हळदीचे आणि मांडवाचे फोटो गावच्या घरचे' असलं नाव यापेक्षा बरंच लांबलं की लिनक्सच्या डिस्कवर बसत नाही. कॉपी करताना मधेच एरर येते, ती कोणी वाचत नाही, आणि तेवढीच फाइल राहून जाते. रिकव्हरी दुसऱ्या एनटीएफएस किंवा एक्सफॅट डिस्कवर करा आणि शेवटी दोन्हीकडच्या फाइलींची संख्या मोजून बघा.

डॉक्युमेंट उघडतंय पण आत सगळं इंग्रजी अक्षरांचं कडबोळं आहे

फाइल बिघडलेली नसेल पण. युनिकोडच्या आधीच्या काळात श्रीलिपीसारख्या फाँटमध्ये टाइप केलेलं असेल तर फाँट नसलेल्या मशीनवर ते असंच दिसतं. कित्येक ऑफिसांच्या, प्रेसच्या जुन्या फाइली अशा आहेत. 'करप्ट' म्हणून डिलीट करू नका, तो जुना फाँट मिळवून बघा.

आणि उलटी एक युक्ती, हरवलेला मजकूर साधी टेक्स्ट फाइल असेल आणि त्यातलं एखादं वाक्य तुम्हाला आठवत असेल, तर ते मराठी वाक्य ग्रेप या शोधायच्या कमांडला देऊन थेट इमेजमध्येच शोधता येतं, मायनस ए आणि मायनस बी लावून, ते कुठल्या बाइटवर आहे ते सांगतं. वर्डच्या नवीन फाइली आतून झिप असतात म्हणून त्यांना हे चालत नाही.

लॉस्ट प्लस फाउंडमध्ये हजारो फाइली आल्यात, नुसते नंबर

नंबर म्हणजे आयनोडचा नंबर, आधी हॅशचं चिन्ह. फोल्डरमधली नोंद गेली म्हणून नाव गेलं, आतला मजकूर बऱ्याचदा पूर्ण असतो. आधी फाइल नावाची कमांड चालवा, ती आतले बाइट बघून हा फोटो, हे ऑडिओ, ही पीडीएफ असं सांगते, त्यावरून वेगळ्या फोल्डरमध्ये टाका. मग तारखेने लावा, आयनोडवर तारीख बहुतेक वेळा शिल्लक असते. जवळजवळचे नंबर बऱ्याचदा एकाच फोल्डरमधले असतात, ईएक्सटी४ तशीच जागा देतं, तर एक ओळखली की शेजारच्या ओळखू येतात. अख्खा फोल्डर नंबर होऊन आला असेल तर आतली नावं शाबूत असतात, ते आधी बघा.

पुढचं काम माणसाचं. ओव्यांच्या फाइली मी आणि आत्याने बसून ऐकल्या, दिवाळीच्या सुट्टीत, कुठली कोणत्या वर्षीची ते आत्या आवाजावरून सांगायची, आजीचा दमा कोणत्या वर्षी वाढला होता त्यावरून. कुठल्याच सॉफ्टवेअरला ते जमलं नसतं.

लॅबकडे कधी द्यायची?

डिस्क आवाज करत असेल, ओळखलीच जात नसेल, पडली असेल, पाण्यात गेली असेल, किंवा डीडीरेस्क्यू पहिल्या काही मिनिटांतच अडत असेल, तर. आणि आत जे आहे ते दुसरीकडून कुठूनही पुन्हा मिळवता येणारच नाही असं असेल तर स्वतः काहीही करायच्या आधीच. विचारताना तीन गोष्टी विचारा, आधी तपासून अंदाज देणार का, डेटा नाही मिळाला तर किती घेणार, आणि आमच्या डिस्कवर काही लिहिणार का. तिसऱ्या प्रश्नाला नीट उत्तर आलं नाही तर दुसरीकडे जा. आधी काय काय करून बघितलंय ते खरं सांगा, लपवू नका.

सगळं मिळालं. जुनी डिस्क फॉरमॅट करून परत वापरू का?

लगेच नको. मिळालेल्या फाइली दोन वेगळ्या डिस्कवर ठेवा, त्यातली एक दुसऱ्या घरी. मग दोन-तीन महिने नेहमीसारखं काम करा, कारण काय राहिलंय ते तेव्हाच कळतं जेव्हा ते लागतं, बँकेचा एखादा कागद, एखाद्याचा एकुलता एक फोटो. तोवर जुनी डिस्क आणि इमेज दोन्ही कपाटात. स्मार्टसीटीएलमध्ये १९७ किंवा १९८ ला आकडा दिसला होता ती डिस्क नंतरही परत वापरू नका, सिनेमे ठेवायला पण नको, वर्षभराने त्यात काहीतरी महत्त्वाचं जाऊन बसलेलं असतं.